जिमीने खांदा मोकळा करायचा तर जोर कमी, थांबणं जास्त

जिमी घेतली त्याच रात्री मी ती चुकीची वापरली. गणपती पेठेतल्या एका हातगाडीवरून 60 रुपयांना आणलेली साधी लाकडी जिमी, म्हणजे ॲक्युप्रेशरसाठी हातात धरून अंग दाबायचा लाकडी तुकडा. दिवसभर शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करून उजवा खांदा लाकडासारखा झाला होता. जेवण झाल्यावर टीव्हीसमोर बसलो, निमुळतं टोक खांद्यावर रोवलं आणि दातओठ खाऊन अर्धा तास दाबत राहिलो. दुखत होतं, पण दुखतंय म्हणजे काम होतंय असा माझा समज. सकाळी उठलो तर खांद्यावर रुपयाएवढा काळानिळा डाग, आणि मान डावीकडे वळेना. चहाचा कप हातात देताना बायकोने डाग बघितला आणि म्हणाली, "जिमी आणलीय का कुणाशी मारामारी करून आलाय?"

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. फेब्रुवारी ते मे आमचा हंगाम. सकाळी सौदे, मग वजनं, मग शेतकऱ्यांच्या पट्ट्या. पूर्वी खतावणीत मान घालून लिहायचो, आता संगणकापुढे मान काढून टाइप करतो. मानेच्या दृष्टीने फरक शून्य. त्यात मोबाइल उजव्या कान-खांद्याच्या बेचक्यात धरून भाव सांगत राहायचं, कारण दोन्ही हात कीबोर्डवर. अशा माणसाचा खांदा आखडला नाही तरच नवल.

त्या डागानंतर मात्र मी नीट शिकलो. थोडं मिरजेतल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडून, थोडं यार्डातल्या एका जुन्या हमालमामांकडून, आणि बाकीचं स्वतःच्याच अंगावर. ते क्रमाने सांगतो.

आखडलेल्या स्नायूत असतं काय

खांद्यावर, मानेच्या बाजूने बोटं फिरवली की एखादा ताणलेला दोरीसारखा पट्टा लागतो, आणि त्यात एक जागा अशी सापडते की तिथे बोट पडलं की तोंडातून "हाऽऽ" निघतं. डॉक्टर त्याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या डॉक्टरीणबाईंनी या बिंदूंवर आयुष्यभर काम केलं. जॉन केनेडींची पाठ त्या बघायच्या, आणि 1961 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याच त्यांच्या खासगी डॉक्टर झाल्या. या बिंदूंची एक गंमत त्यांनी तपशीलवार टिपून ठेवली: गाठ एकीकडे आणि कळ दुसरीकडे. माझ्या खांद्यावरची जागा दाबली की कळ मानेच्या बाजूने वर चढून कानामागून थेट कपाळाच्या बाजूला येते. कितीतरी वर्षं मी त्या डोकेदुखीला पित्त समजत होतो.

चिनी वैद्यकात जवळपास त्याच जागी एक बिंदू सांगितलाय, जियान-जिंग. त्यांच्या मते तिथून ऊर्जेचा मार्ग जातो. ऊर्जेचं मला फारसं पटत नाही, पण बोट ठेवायला त्यांनी जागा अचूक सांगितली एवढं मान्य करावं लागतं.

आता एक गैरसमज काढून टाका. जिमीने गाठ "फुटत" नाही. स्नायूत साचलेलं लॅक्टिक ॲसिड दाबून बाहेर निघतं, हेही खरं नाही. कष्ट झाल्यावर वाढलेलं लॅक्टिक ॲसिड तास-दोन तासांत शरीर आपलं आपण निकालात काढतं, जिमीची वाट बघत नाही. दाबाची जाणीव मज्जातंतूंवाटे वर जाते, स्नायू धरून बसण्याचा हट्ट थोडा सोडतो आणि दुखणं काही काळ उतरतं. काही काळच. त्या मोकळ्या झालेल्या वेळात तुम्ही सांधा हलवला, ताण दिला, तर उपयोग. नाहीतर तासाभराने पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आधी हे वाचा, मग जिमी उचला

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोकदार साधन वापरू नका, किंवा डॉक्टरांना विचारूनच वापरा. आपल्याकडे अँजिओप्लास्टी झालेले कितीतरी लोक रोज अशी गोळी घेतात आणि तिला नुसतं "हार्टची गोळी" म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगतो. त्यांना माझ्यासारखा डाग पडायला अर्धा तास लागणार नाही.

मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर पायाखाली काटेरी रोलर नको. जखम झालेली कळतच नाही. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर माणसांच्या पाठीवर, बरगड्यांवर टोक रोवू नका. पोटरीतल्या शिरा फुगलेल्या असतील तर त्यांच्यावर दाब नाही. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागते, लाल झाली आणि दुखते, तर ती दाबायची तर नाहीच, चोळायचीही नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ताजी लचक, मुका मार, सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस तो भाग सोडून द्या. पुरळ, गळू, नायटा असेल तिथेही नको.

गरोदर बाईने खांद्यावरचा तो जियान-जिंग, अंगठा आणि तर्जनीच्या मधला बिंदू आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा बिंदू दाबू नये असं परंपरेनेच सांगितलंय. त्या नऊ महिन्यांत जिमी कपाटात राहिली तर काही बिघडत नाही.

आणि निरोगी माणसानेही काही जागा कायमच्या वर्ज्य समजाव्यात: गळ्याची पुढची आणि बाजूची नाडी लागते ती जागा, गळपट्टीच्या हाडावरचा खळगा, काख, कोपराची आतली खाच, जांघ, गुडघ्यामागची लवण, आणि पाठीचे मणके. बरगड्या संपतात त्याच्या खाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं असतात. तिथेही टोक नको.

कोपराची खाच मी यादीत ऐकून लिहिलेली नाही. एकदा हात आखडला म्हणून तिथे टोक दाबलं आणि करंगळी-अनामिकेत अशी वीज गेली की जिमी हातातून पडली. पुढचे दोन तास त्या दोन बोटांना मुंग्या. तिथून जाणारी नस त्याच दोन बोटांकडे जाते, हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. जिमीखाली मुंग्या आल्या, वीज गेली, बधिर झालं की समजायचं, आपण स्नायूवर नाही, नसेवर आहोत. लगेच जागा सोडायची.

कोणती घ्यायची

बाजारात प्रकार भरपूर. जिमी म्हणजे वीतभराहून लहान लाकडी तुकडा, मधल्या अंगावर खाचा किंवा बोथट काटे, एक टोक निमुळतं, दुसरं गोल. हात, दंड, तळवा आणि खांद्यासाठी ही बेस. पाठीला हात पोचत नाही त्यासाठी हुकासारखी वळलेली, टोकाला गोळा असलेली छडी मिळते. ती महाग पडते, पण दोन्ही हातांनी ओढून दाब कमी-जास्त करता येतो, हा तिचा मोठा फायदा. पायासाठी लाकडी रोलर. आणि सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे टेनिसचा चेंडू, तो तुमच्या पोराच्या क्रिकेटच्या पिशवीत आधीच आहे.

जिमी घेताना दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवा. लाकडाची बारीक कूस लागत असेल, फट दिसत असेल तर ठेवून द्या. टोक पेन्सिलीसारखं नको, निदान करंगळीच्या टोकाएवढं गोल हवं. प्लॅस्टिकची जिमी मी वापरून बघितली. घामाच्या हातातून सटकते आणि जोडावर चिरते. लाकूडच बरं. मोटर लावलेली धडधड करणारी यंत्रं हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही.

दाबायची रीत

सुरुवात शेकाने करा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून 10 मिनिटं ठेवली की स्नायू निम्मा ऐकतो. पिशवी नसेल तर अंघोळ झाल्या झाल्या करा. कातडीवर घसरू नये म्हणून एक पातळ बनियन किंवा साडीचा पदर मध्ये असू द्या. तेल लावून जिमी वापरू नका. टोक सटकून भलतीकडे जातं.

मग जागा शोधा, आणि ती बोटांनी शोधा, जिमीने नाही. लाकडाला कळत नाही खाली हाड आहे का नस. बोटांना कळतं. पट्टा सापडला, त्यातली सगळ्यात दुखरी जागा सापडली, की तिथे बोट ठेवून बोटाच्या जागी जिमीचं गोल टोक आणायचं. निमुळतं टोक पहिले आठ-पंधरा दिवस विसरून जा.

आता दाब. दुखण्याला मनातल्या मनात दहापैकी मार्क द्या. पाच-सहापर्यंत जायचं, त्याच्या पुढे नाही. पाच-सहा म्हणजे असं दुखणं, की चेहरा वाकडा होत नाही, श्वास अडत नाही, आणि "राहू दे अजून थोडं" असं वाटतं. श्वास सोडताना दाब वाढवा, घेताना नुसता धरून ठेवा. जिमी गोल फिरवायची नाही, घासायची नाही. टेकवून थांबायचं. 30 ते 60 सेकंद.

ही थांबण्याची गोष्ट मला हमालमामांनी पटवली. यार्डात 50 किलोची पोती पाठीवरून वाहत त्यांचे केस पिकले. दुपारी जेवणानंतर ते रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून बसतात, आणि फऱ्याखाली रबरी चेंडू धरतात. मी शेजारी बसून जिमीने खांदा खणत होतो. ते बघत होते. शेवटी म्हणाले, "दिवाणजी, घाई करू नगा. पोतं पाठीवर घेताना बी आधी अंगावर बसू द्यायचं असतंय, मग पाय उचलायचा. बसायच्या आत हिसका दिला की कंबर गेली." मी दाब निम्मा केला आणि मनात आकडे मोजत थांबलो. पस्तीस-चाळीसच्या आसपास खालचा पट्टा सैल पडल्यासारखा झाला आणि टोक आपणहून थोडं आत गेलं. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की असं काही होतं, कारण मी कधी दहा सेकंदांपलीकडे एका जागी थांबलोच नव्हतो.

सहावरचं दुखणं तीनवर आलं की ती जागा झाली. मिनिट-दीड मिनिट थांबूनही उतरत नसेल तर जोर वाढवू नका. दाब जास्त झालाय किंवा जागा चुकलीय. कमी करा, बोटभर सरका, पुन्हा बघा. सोडतानाही हळूच सोडा, झटक्याने उचलू नका. आणि लगेच तो सांधा हलवा. हा शेवटचा भाग लोक खातात, आणि मग जिमीत काही दम नाही म्हणून तक्रार करतात.

खांदा, म्हणजे मान आणि दंड यांच्या मधला उतार

खुर्चीत टेकून बसा. उजवा खांदा करायचा असेल तर उजवा हात मांडीवरच्या उशीवर पूर्ण सैल टाका. हाताला आधार नसेल तर हाताचं ओझं तोच स्नायू पेलत राहतो, आणि तुम्ही ताणलेल्या दोरीवर जिमी दाबत बसता. जिमी डाव्या हातात.

मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी एक टपोरा मणका हाताला लागतो. तो मणका आणि खांद्याचं टोक, यांच्या साधारण मध्यावर, उताराच्या माथ्यावर बोटांनी चिमटीत मांस धरा. दुखरी जागा तिथेच कुठेतरी असते. गोल टोक वरून ठेवा, पण दिशा किंचित मागे, पाठीकडे. पुढे गळपट्टीच्या खळग्याकडे टोक कधीच वळू देऊ नका. तिथे नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत, आणि फुप्फुसाचा वरचा शेंडाही तिथवर येतो. एका बाजूला अशा फार तर दोनच जागा करा. हावरटपणा करून सहा केल्या तर दुसऱ्या दिवशी माझ्यासारखं मान धरून फिराल.

जागा झाल्यावर डोकं डाव्या खांद्याकडे झुकवा. कान खांद्याकडे जाईल, खांदा कानाकडे नाही. 20-30 सेकंद तसेच राहा. मग खांदे मागच्या बाजूने आठ-दहा वेळा गोल फिरवा. मग दुसरी बाजू, ती दुखत नसली तरी. बहुतेक वेळा ती दुखतेच, फक्त जास्त दुखणाऱ्या बाजूच्या आवाजात तिचं ऐकू आलेलं नसतं.

मानेचा वरचा भाग, कवटीच्या खाली

इथे जिमी वापरायचीच नाही, असं माझं मत. जागा नाजूक आणि हात मागे नेऊन दाबताना जोराचा अंदाज राहत नाही. दोन टेनिसचे चेंडू एका मोज्यात घालून गाठ मारा. पाठीवर झोपा, चेंडू कवटीच्या कडेखाली असे ठेवा की मधली फट बरोबर कण्यावर येईल आणि चेंडू दोन्ही बाजूंच्या मांसल भागात बसतील. डोक्याचं वजन पुरेसं आहे, वरून काही दाबायचं नाही. हो-नाही म्हणताना हलते इतपतच मान हळू हलवा. दोन मिनिटं पुष्कळ झाली. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधूक झालं तर उठायची घाई न करता चेंडू काढून टाका आणि पुन्हा हा प्रयोग करू नका.

संगणकावर बसणाऱ्यांना डोळ्यांच्या मागे जी जड डोकेदुखी होते, तिच्यात याने मला जितका आराम पडला तितका बामाने कधी पडला नाही. बामाचा वास मात्र आवडतो, तो वेगळा मुद्दा.

फऱ्याच्या कडेची जागा

कणा आणि खांद्याचा फरा यांच्या मधल्या पट्ट्यात हात पोचत नाही. हुकाची छडी असेल तर उत्तम, नसेल तर चेंडू. चेंडू लांब मोज्यात घाला, मोज्याचं दुसरं टोक खांद्यावरून पुढे घेऊन हातात धरा, म्हणजे तो घरंगळून खाली जात नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहा, पाय भिंतीपासून वीतभर पुढे. पाय जितके पुढे न्याल तितका दाब वाढतो, जवळ आणाल तितका कमी होतो, जोर ठरवायला याहून सोपी सोय नाही. चेंडू कण्याच्या दोन बोटं बाहेर राहील हे बघा. मिनिटभर थांबायचं, मग त्या बाजूचा हात छातीवरून आडवा घेऊन स्वतःलाच मिठी मारल्यासारखा ताण द्यायचा.

कात्री धरणाऱ्यांचा हात

माझा मेहुणा तासगावजवळ द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत दिवसभर कात्री चालवून त्याचा हात कोपराखाली असा भरून येतो की रात्री पाण्याचा तांब्या उचलताना कळ निघते. मुठीत धरायचं काम जिथे जिथे आहे तिथे हेच: शिंपी, गवंडी, न्हावी, दिवसभर माउस धरणारे आम्ही दिवाणजी.

हात टेबलावर पालथा ठेवा. कोपराच्या बाहेरच्या हाडापासून दोन-तीन बोटं मनगटाकडे आलात की स्नायूचा जाड पोट असलेला भाग लागतो. इथे जिमीचं काटेरी अंग चालतं. कोपराकडून मनगटाकडे अगदी सावकाश लोटत न्या, रवी घुसळल्यासारखं नाही. दुखरी जागा आली की थांबा, गोल टोक टेकवा आणि दाब धरून ठेवूनच मनगट पाच-सहा वेळा वर-खाली करा. जागच्या जागी दाबण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं असा माझा आणि मेहुण्याचा अनुभव. नंतर हात सरळ पुढे करून, तळवा खाली ठेवून, दुसऱ्या हाताने पंजा हलकेच खाली वाकवा, 20 सेकंद. हाडाच्या उंचवट्यावरच टोक दाबू नका, तिथे आधीच सुजलेलं असेल तर जास्त चिडतं.

मेहुण्याला मी जिमी दिली, पण त्याचा हात खरा सुधारला तो कात्रीला रोज सकाळी धार लावायला लागल्यापासून. बोथट कात्री प्रत्येक काडीला जास्त जोर मागते.

कंबर

थोडक्यात सांगतो, कारण कंबरेशी फार खेळ नको. दिवसभर बसून जी कंबर दुखते तिच्यातली बरीच कळ कुल्ल्याच्या स्नायूतून आलेली असते. चेंडू खुर्चीवर ठेवा आणि एका कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या भागाखाली घ्या. बसायचं हाड त्यावर येऊ देऊ नका. मिनिटभर, मग तो पाय दुसऱ्या मांडीवर टाकून पुढे झुका. बसल्या बसल्या कळ मांडीच्या मागून पायात उतरली, मुंग्या आल्या, तर चेंडू बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

पोटऱ्या आणि तळवे

उभं राहून काम करणाऱ्यांसाठी हे रात्री झोपताना. पाय लांब करून बसा, पोटरीखाली रोलर किंवा लाटणं ठेवा आणि घोट्याकडून वर गुडघ्याच्या दिशेने फिरवा. गुडघ्याच्या चार बोटं अलीकडे थांबा. घरातलं लाटणं घ्यायचं तर आधी घरात विचारा. मी विचारलं नव्हतं.

तळव्याखाली चेंडू किंवा रोलर, टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत, बसूनच, दीड-दोन मिनिटं. उभं राहून सगळं वजन टाकू नका. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल तर अंथरुणातून उतरायच्या आधीच पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरा, 15-20 सेकंद, तीन-चार वेळा. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवली तरी बरं वाटतं. मामा यातलं काही करत नाहीत. ते फक्त पायांत जाड तळव्याची चप्पल घालतात, आणि अनवाणी चालणाऱ्या नव्या पोरांवर ओरडतात.

किती, कधी

पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा, तीन जागा, शेकाचा वेळ सोडून सगळं मिळून 10 मिनिटांच्या आत. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर हरकत नाही, त्या जागेला एक दिवस सुट्टी द्या. डाग पडला तर तुम्ही जास्त दाबलंय. अंगाला सवय झाल्यावर दिवसातून दोनदा चालेल. जेवण झाल्या झाल्या पालथं पडून पाठीवर काही करू नका. दाबल्यावर भरपूर पाणी प्यावं म्हणजे विषारी द्रव्यं निघून जातात, असं जिमी विकणारा हमखास सांगतो. पाणी तहान लागली म्हणून प्या.

दोन-तीन आठवडे नीट करूनही तेच दुखणं तिथेच असेल तर दुखण्याचं मूळ कामाच्या पद्धतीत आहे, किंवा स्नायूत नाहीच. पहिलं तपासणं सोपं. मी संगणकाचा पडदा दोन जाड चोपड्यांवर ठेवून डोळ्यांच्या पातळीला आणला, आणि फोनला वायरवाले इअरफोन लावले. व्यापारी पहिल्या दिवशी हसले. दुसरं तपासायला डॉक्टर लागतो.

काही वेळा मात्र तीन आठवडे काय, तीन तासही थांबायचं नाही. छातीत दाटून येऊन कळ डाव्या खांद्यात, हातात, जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, धाप लागत असेल, तर तो खांदा आखडलेला नाही. जिमी शोधत बसू नका, 108 ला फोन लावा. ताप आणि मान ताठ, डोकं असह्य दुखतंय. हातापायातली ताकद अचानक गेली. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखायला लागली. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि सोबत वजन उतरत चाललंय, हे सगळं डॉक्टरांचं काम.

जिमीची निगा

लाकडी जिमी पाण्यात भिजवून धुऊ नका, लाकूड फुगून चिरतं. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा. महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवून रात्रभर कागदात गुंडाळून ठेवा, आणि वापरायच्या आधी तेल पूर्ण पुसून काढा. कूस निघाली तर बारीक पॉलिश पेपर मारा. घरात प्रत्येकाची वेगळी ठेवता आली तर चांगलं, निदान कुणाला त्वचारोग असेल तर त्याची तरी वेगळी.

माझी ती 60 रुपयांची अजून आहे. सौद्यांच्या दिवसांत हात धुतले तरी हळद नखात राहतेच, त्यामुळे दोन हंगामांत ती मुठीच्या जागी पिवळीधमक झालीय, दोन्ही टोकं तेवढी लाकडाच्या रंगाची उरलीत. परवा मामांनी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "राजापुरी हळद हाय."